मदत हवी आहे: चेनसॉ चालू असताना हेल्मेटच्या हेडसेटचा माइक कसा लावावा?

पावसाळ्याआधीची छाटणी, बहुतेक गुलमोहर आणि रेन ट्री. चौघंजण: एक वर चेनसॉ घेऊन, एक दोरावर, दोघं फांद्या ओढायला. हेल्मेटच्या इअरमफवर बसणारे ब्लूटूथ मेश (एकमेकांशी थेट जोडले जाणारे) हेडसेट आहेत. पल्ला आणि बॅटरी पुरते, तक्रार तिथे नाही.

अडचण माइकची. आवाजावर उघडणारा व्हॉक्स मोड ठेवला की करवत सुरू होताच वरच्याचा माइक उघडाच राहतो, सगळ्यांच्या कानात नुसती घरघर. संवेदनशीलता कमी केली तर बोलण्याची सुरुवात कापली जाते. 'नको सोडू' मधला 'नको' गेला तर दोरवाला काय ऐकेल, ते सांगायला नको!

माइक ओठांच्या कडेला बोटभर अंतरावर आणला, फोमची टोपी घातली, फर्मवेअर अपडेट केलं. वारा कमी झाला, करवत नाही. बटण दाबून बोलणं वरच्याला जमत नाही, दोन्ही हात करवतीवर. हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत, पण दाट पानांत तो दिसतच नाही. इअरमफ काढणं शक्य नाही, आवाज १०० डेसिबलच्या वर असतो.

वरच्याला थ्रोट माइक (गळ्याला लावून तिथल्या कंपनांवरून आवाज पकडणारा) दिला तर हा गोंधळ थांबेल का, आणि घामात, हेल्मेटच्या हनुवटीपट्ट्याखाली तो जागेवर राहतो का?