मदत हवी आहे : पायथनच्या सी एपीआयमध्ये 'त्र्यंबकेश्वर' मधूनच तुटतंय

नमस्कार मंडळी. एका जुन्या सी लायब्ररीला पायथन ३ मधून वापरता यावं म्हणून छोटं एक्स्टेन्शन (सी मध्ये लिहिलेलं जोड-मॉड्यूल) लिहितोय. लायब्ररीच्या स्ट्रक्टमध्ये (ठरलेल्या रचनेच्या नोंदीत) गावाच्या नावाला ३२ बाइट आहेत, त्यातला शेवटचा नाव संपल्याची खूण असलेल्या शून्याचा. फाइलचा साचा ठरलेला, त्यामुळे ही रुंदी वाढवता येत नाही.

'पुणे' १२ बाइटांत आरामात बसतं. पण 'त्र्यंबकेश्वर' डोळ्यांना पाच अक्षरं, युनिकोडमध्ये १३ कोडपॉइंट (अक्षर, मात्रा, हलन्त अशा प्रत्येक चिन्हाचा एक क्रमांक) आणि ते बाइटांत साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३९ बाइट! ३१ वर कापलं की दहा कोडपॉइंट पूर्ण येतात आणि अकराव्याचा एकच बाइट उरतो. परत वाचताना युनिकोडडीकोडएरर : ३० व्या जागी ०xई०, 'अनपेक्षित शेवट'. (इंग्रजी नावांवर चाचणी करून खूश झालो होतो, ती चूक माझीच.)

०x८० ते ०xबीएफ मधले बाइट (म्हणजे कोडपॉइंटच्या पहिल्या बाइटनंतरचे) मागे सरकत टाळून कोडपॉइंटच्या सीमेवर कापून पाहिलं. एरर गेली, पण हाती आलं 'त्र्यंबकेश'. श्वचा श झाला! हे मला 'त्र्यंबके'पेक्षा वाईट वाटतं, कारण ते खरंच नाव असल्यासारखं दिसतं.

जोडाक्षर न फोडता कापायला एवढ्यासाठी आयसीयू (युनिकोड हाताळणारी मोठी लायब्ररी) ओढून आणावं का? की हलन्त आणि मात्रा तपासणारं चार ओळींचं फंक्शन देवनागरीपुरतं पुरेल? कोणी केलं असेल तर कोड दाखवा, प्लीज.