चर्चा धागा: भेट द्यायला खिशातला चाकू, गोव्याच्या हवेत कोणता?

कुळागरी (धागा काढणारा)

खंडेनवमीला घरातली कोयती, विळा, काती घासूनपुसून पूजेला मांडतात. कुणाला तरी रोजच्या वापराचा चाकू भेट द्यावा, हा विचार बहुतेकांच्या मनात त्याच सुमारास येतो. दुकानात गेल्यावर मात्र काळ्या रंगाचे, जाड पात्याचे, दिसायला रुबाबदार असे काहीतरी घेऊन लोक परततात, आणि तो चाकू पुढे ड्रॉवरमध्ये पडून राहतो.

माझे मत आधीच मांडतो. तीन हजारांच्या आत, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा परसात वावरणाऱ्या माणसाला द्यायचा असेल तर फ्रान्सचा घडीचा चाकू ओपिनेल ८ नंबर, आणि तोही 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस लिहिलेला. पाते साडेआठ सेंटिमीटर, अख्खा चाकू पन्नास ग्रॅमच्या आसपास, सदऱ्याच्या खिशातही जड होत नाही. पाते पाठीकडे जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर आहे, म्हणून मानकुरादची फोड कापताना आंबा चिरतो, फाटत नाही. तीन मिलिमीटर जाडीचे पाते पाचरीसारखे शिरते. कडक कैरीवर ते अर्ध्यात अडकते, मग माणूस जोर लावतो आणि तिथेच बोट कापते.

दुसरे कारण कडीचे. मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी असते. ती वळवली की पाते उघड्या स्थितीत घट्ट बसते. ही कडी १९५५ मध्ये आली आणि २००० पासूनच्या चाकूंत ती मिटलेले पातेही अडवते, म्हणजे खिशात चुकून उघडण्याचा प्रश्न नाही. सुंभ कापताना पाते मागेपुढे ओढावे लागते, तेव्हा ही कडी हवीच.

वेगळे मत असेल तर जरूर मांडा, पण कारणासह.

दर्यावारा

पात्याबद्दल सहमत, मुठीबद्दल अजिबात नाही. ओपिनेलची मूठ बीच लाकडाची. बाहेरून वार्निश असते, पण पाते ज्या फटीत मिटते ती फट आतून कोरीच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ते कोरे लाकूड पाणी पिणार नाही तर काय! लाकूड फुगते, फट आवळते आणि पाते नखाने बाहेर येत नाही. फ्रान्समध्ये मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटून पाते बाहेर काढायची जुनी युक्ती आहे. साठीच्या माणसाला, ज्याची बोटे सकाळी आखडलेली असतात, त्याला भेट म्हणून आपटून उघडायचा चाकू द्यायचा का?

माझे मत व्हिक्टोरिनॉक्स स्पार्टनला, म्हणजे अनेक अवजारांच्या स्विस घडीच्या चाकूला. ९१ मिलिमीटरची मूठ प्लॅस्टिकची, पावसात फुगत नाही. एक मोठे पाते, एक छोटे. मोठे फळाला, छोटे पाकिटे, चिकटपट्टी, खताच्या गोणीची शिवण यांना, म्हणजे खाण्याच्या पात्याला गोंद लागत नाही. बूच काढायचा स्क्रू गोव्यात निरुपयोगी वाटेल, पण ओल्या नायलॉन दोरीची आवळलेली गाठ सोडवायला त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. टोक गाठीत घुसवा, अर्धा वळसा द्या, वर ओढा. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवताना गाठी कापत बसावे लागत नाही.

पोलाद मऊ आहे म्हणून नाक मुरडणारे येतीलच. हो, रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ५५-५६च्या आसपास. म्हणूनच ते घरच्या दगडावर दहा मिनिटांत लागते.

सहाण

दोघेही गंजाला इतके घाबरलात की मूळ काम मागे पडले. चाकूचे काम कापणे. कापण्यात आणि परत धार घेण्यात साध्या कार्बन पोलादाची बरोबरी या किमतीत स्टेनलेस करत नाही. ओपिनेल घ्यायचाच तर कार्बनवाला घ्या, आणि भेट देण्याआधी त्याला काळा करून द्या.

कृती अशी. पाते भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडे करा, मग स्पिरिटने पुसा, कारखान्याच्या तेलाचा अंशही राहता कामा नये. माडाच्या सुरेचे व्हिनेगर कोमट करा, उकळू नका. अरुंद ग्लासात फक्त पाते बुडेल इतके घ्या, मूठ आणि कडी वर राहिली पाहिजे. पंधरा-वीस मिनिटे ठेवा. पाते करडे होऊन त्यावर बारीक बुडबुडे दिसतात. बाहेर काढून वाहत्या पाण्यात धुवा, चिमूटभर खाण्याचा सोडा चोळा म्हणजे आम्ल मरते, परत धुवा, पुसा, तेलाचे बोट फिरवा. ग्लासात तासभर विसरलात तर धारच खाल्ली जाते आणि दगडावर नव्याने काढावी लागते.

हा करडा थर म्हणजे घट्ट चिकटलेला ऑक्साइड. तांबडा गंज सुटा असतो, तो आत खात जातो. हा थर त्याला बऱ्यापैकी रोखतो.

दर्यावारा

@सहाण, 'बऱ्यापैकी' हाच शब्द मला खटकतो. पात्यावरचा थर दिसतो, पुसता येतो. पण पाते ज्या खिळीवर फिरते तिथे काय? ओपिनेलची खीळ ठोकून बसवलेली आहे, उघडून पुसता येत नाही. कडेला साचलेला खारा दमटपणा तिथेच बसतो.

आणि आपल्याकडची फळे बघा. भिरंडे, बिंबल, कैरी, काजूचे बोंडू, सगळी आंबट किंवा तुरट. कोऱ्या कार्बन पात्याने पहिले काही दिवस कापलेल्या फोडीला लोखंडाचा वास लागतो आणि कडा काळ्या पडतात. घरातले कुणीतरी एकदा तोंड वाकडे करते आणि चाकू फडताळात जातो. ज्याला पोलादाची आवड आहे त्याने स्वतःसाठी घ्यावा. भेट घेणाऱ्यावर रोज पुसण्याचे काम लादू नये.

पातेपारखी

पोलादाचा मुद्दा निघालाच आहे तर एक गोष्ट साफ करतो, कारण ऑनलाइन खरेदीत फसगत इथेच होते.

'स्टेनलेस' म्हणायला पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. त्याचा अदृश्य पापुद्रा पात्याला वाचवतो. मीठ त्या पापुद्र्याला बारीक भोके पाडते. उघड्यावर हवेतला ऑक्सिजन मिळाला की पापुद्रा परत भरून येतो. पण दोन पट्ट्यांच्या फटीत, स्प्रिंगच्या मागे, पाणी साचते आणि ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून चांगल्या स्टेनलेस चाकूलाही गंज प्रथम सांध्यात येतो. म्हणजे दर्यावारा, तुमचा स्पार्टनही यातून सुटलेला नाही, उलट त्यात फटी जास्त.

सध्या स्वस्तात 'डी २' पोलादाचे घडीचे चाकू खूप विकले जातात. त्यात क्रोमियम बाराएक टक्के, म्हणून विक्रेते त्याला सर्रास स्टेनलेस म्हणतात. पण कार्बन दीड टक्का असल्याने बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या कडक कणांत, अडकते आणि पापुद्र्यासाठी थोडेच उरते. किनारपट्टीवर तो ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतो. धार खूप टिकते हे खरे, पण एकदा गेली की साध्या दगडावर लागत नाही, डायमंड प्लेट लागते. भेट घेणाऱ्याकडे ती नसणार. ओपिनेल इनॉक्समधल्या १२सी२७ पोलादात कार्बन सुमारे ०.६ आणि क्रोमियम साडेतेराच्या आसपास. आपल्या हवेला हे प्रमाण चांगले.

मांडवीकाठ

तुम्ही सगळे कुळागरातल्या माणसाचा विचार करता आहात. भेट घेणारा पणजीत ऑफिसला जाणारा असेल तर? त्याच्या खिशात साडेआठ सेंटिमीटरचे पाते शोभत नाही आणि चारचौघांत उघडलेही जात नाही. त्याला व्हिक्टोरिनॉक्सचाच ५८ मिलिमीटरचा क्लासिक एसडी द्या. वीसेक ग्रॅम वजन, किल्ल्यांच्या कड्याला अडकतो. छोटे पाते, नखे घासायची कानस, चिमटा, दातकोरणे, आणि खरी कामाची वस्तू म्हणजे कात्री. दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, सुटलेला धागा, दिवसात चार वेळा कात्री उघडली जाते. जो चाकू जवळ असतो तोच उपयोगी. कात्रीची बारीक स्प्रिंग कालांतराने तुटते, ती बदलून मिळते.

किल्ल्यांना लावलेला असला की एकच काळजी: विमानतळ. मोपा असो वा दाबोळी, हातातल्या सामानात चाकू चालत नाही, चेक-इनच्या बॅगेतच टाकायचा. भेटीसोबतच्या चिठ्ठीत हे लिहाच, नाहीतर सुरक्षा तपासणीत चाकू काढून घेतील आणि भेट देणाऱ्यालाच वाईट वाटेल.

कायद्याचेही सांगून टाकतो. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती आणि शेतीच्या वापराची अवजारे त्यातून वगळली आहेत. इथे चर्चेत असलेले चाकू त्याच्या जवळपासही नाहीत. पण बटण दाबताच फटकन उघडणारा चाकू भेट देऊ नका. दिल्लीत अशा चाकूंबाबत १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे, आणि भेट घेणारा तो घेऊन कुठे जाईल हे आपल्या हातात नसते.

सहाण

@मांडवीकाठ, क्लासिकच्या पात्याने एक पेरूसुद्धा नीट कापून होत नाही. ती कात्रीच आहे, सोबत पाते मिळते इतकेच. चाकू म्हणून देऊ नये.

काती

या धाग्यात अजून कुणी लोहाराचे नाव घेतले नाही याचे वाईट वाटते. तीन हजारांत फ्रान्सचा किंवा स्विस चाकू घेण्यापेक्षा इथल्या लोहाराकडून गाडीच्या पाट्याच्या पोलादाची चार बोटे पात्याची सुरी करून घ्या, वर चामड्याचे म्यान शिवून घ्या. सांधाच नाही, म्हणजे फुगणे नाही, अडकणे नाही, मिटून बोट कापणे नाही. पाते सहा महिन्यांनी बोथट झाले तर परत त्याच लोहाराकडे.

कुळागरी

@काती, भावना मनापासून पटते. परसात वापरायला हीच सुरी उत्तम. पण ती कमरेला लावायची वस्तू झाली, आणि धाग्याचा विषय खिशातल्या चाकूचा आहे. शिवाय पाट्याचे पोलाद गंजते, म्हणजे सहाण यांच्या कार्बन चाकूला घेतलेला आक्षेप तिथेही लागू होतो.

@दर्यावारा, मूठ फुगते हे मान्य. त्यावर उपाय आहे आणि तो भेट देण्याआधी आपणच करायचा. कोरड्या दिवशी, शक्यतो मे महिन्यात, २४० नंबरचा पॉलिशपेपर जुन्या एटीएम कार्डावर गुंडाळा आणि फटीच्या आतल्या दोन्ही बाजूंवरून प्रत्येकी पंधरा-वीस वेळा फिरवा. पाते मिटल्यावर दोन्हीकडे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी जागा राहिली की थांबा, जास्त घासू नका. भुसा फुंकून काढा. मग जवसाचे तेल फडक्याने फटीत चोळा, जादा तेल पुसून घ्या, दोन दिवस वाळू द्या. असे तीन हात. मूठ अख्खी तेलात बुडवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नका, बाहेरच्या वार्निशातून तेल जात नाही आणि आत मात्र चिकट थर साचतो. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचे तेल वाळताना तापते आणि चिंधी पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

दर्यावारा

इतके करून देणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. पण शंभरात किती जण करतील?

आणखी एक, तेलाबद्दल. घरात असते म्हणून लोक सांध्यात खोबरेल घालतात. पात्यावर बोटभर चालते, फणस कापण्याआधी तर लावावेच, चीक चिकटत नाही. सांध्यात मात्र ते धूळ धरते आणि थंडीत गोठते. सांध्यात एक थेंब लिक्विड पॅराफिन घाला, औषधाच्या दुकानात मिळते, तोंडात गेले तरी अपाय नाही. त्याआधी स्पार्टन कोमट साबणपाण्यात सगळी पाती दहा वेळा उघडझाप करून धुवायचा, पूर्ण वाळवायचा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा.

पातेपारखी

दुकानात घेताना काय बघायचे ते कुणी लिहिले नाही. पाते उघडून टोक दोन बोटांत धरा आणि आडवे हलवा, कट्कट् जाणवली तर ठेवून द्या. मिटताना पाते फटीच्या मधोमध बसते का पाहा. वर्तमानपत्राची कड उभी धरून कापा, कागद एका जागी अडकला तर तिथे धारेला खाच आहे. ओपिनेलच्या पात्यावर मुकुट असलेल्या हाताचा छाप असतो, १९०९ पासूनचा. व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी नाव कोरलेले असते. लाल मूठ आणि क्रॉस बघून किनाऱ्यावरच्या स्टॉलवरून घेऊ नका, नक्कल असेल तर पाते केळीच्या पानालाही दाद देत नाही.

सर्वांत महत्त्वाचे: स्पार्टनला कडी नाही, पाते फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभे राहते. टोक खुपसून पिळले, उदाहरणार्थ शहाळ्याचे तोंड उचकटायला, तर ते सरळ बोटांवर मिटते. शहाळे कोयत्याचे काम, सुपारी अडकित्त्याचे. हे घेणाऱ्याला तोंडाने सांगा.

मांडवीकाठ

चाकू दिला की नाते तुटते म्हणणारे घरात असतील तर समोरच्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे ती विक्री झाली. आणि भेट घेणारा डावखुरा आहे का हे आधी विचारा. नखाने उघडायची खाच पात्याच्या एकाच बाजूला असते, उजव्या हाताच्या सोयीने.

कुळागरी

डावखुऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तशा माणसाला दुकानात सोबत न्यावे आणि दोन्ही चाकू त्याच्या हातात देऊन उघडायला लावावे. स्प्रिंग नखाला जड गेली तर ओपिनेल, ओपिनेलची कडी बोटांनी फिरली नाही तर स्पार्टन.