'जॉन्र फिल्म'ला मराठीत काय म्हणाल? (आणि 'सायब्रासेरो'ला?)

तिरफळ
मंडळी, अडले आहे. आमच्या सोसायटीच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात दोन सिनेमे लावतोय. एक रॉबर्ट रॉड्रिगेझचा 'एल मारियाची' (१९९२) आणि दुसरा ॲलेक्स रिवेराचा 'स्लीप डीलर' (२००८). टिपण लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. पहिलं वाक्य लिहिलं: "अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरितांच्या नजरेतून, तुटपुंज्या पैशांत काढलेले स्वतंत्र पठडीपट." 'जॉन्र फिल्म'ला (म्हणजे ठरलेल्या एखाद्या प्रकारातल्या सिनेमाला) 'पठडीपट' सुचला म्हणून स्वतःवरच खूश होते. क्लबातल्या एका काकांनी त्याभोवती लाल पेनाने गोल काढला आणि खाली लिहिलं, "पठडीतला म्हणजे शिवी. लोकांना बोलावतोय की हाकलतोय?"

त्यांचं बरोबर आहे. पठडीतलं भाषण कुणी ऐकायला जात नाही. पण मग काय लिहू? 'प्रकारपट' लिहिलं तर सरकारी अर्जातला रकाना वाटतो.

दुसरा प्रश्न. मेक्सिकोत बसून तारांच्या साहाय्याने अमेरिकेतले यंत्रमानव चालवणाऱ्या मजुरांना रिवेरा 'सायब्रासेरो' म्हणतो. शब्द त्याच्या १९९७ च्या एका लघुपटातला. मी 'सायबर-मजूर' केलंय. चालेल ना?

खडूस_व्याकरणी
'प्रकारपट'च लिहा. सरकारी वाटतो कारण कुणी वापरत नाही. सावरकरांनी दिग्दर्शक, मध्यंतर, महापौर दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज 'महापौर' म्हणताना कुणाला हसू येतं? आणि 'फिल्म क्लब' का? 'चित्रपट मंडळ' म्हणायला जीभ अडखळते का?

तंबूवाला
महापौर म्हणताना आम्हाला अजूनही हसू येतं, पण ते वेगळ्या कारणाने.

वडिलांचा टुरिंग टॉकीज होता. जत्रेत तंबू लागायचा. वितरकाकडे पेटी आणायला गेलं की तो एवढंच विचारायचा, "काय देऊ? मारधाड, भुताचा, देवाचा, का रडका?" झाले तुमचे चार जॉन्र. या सगळ्यांना मिळून एक शब्द कधी लागलाच नाही. पेटी उचलायची अन् निघायचं.

कंदील
तंबूवाल्यांना +१. मराठीत 'पट' हे शेपूट इतकं सोयीचं आहे की आपण थेट भयपट, युद्धपट, विनोदपट म्हणतो. संतपट आणि तमाशापट तर आपलेच खास जॉन्र, बाहेर कुठे मिळायचे नाहीत. गोत्र सांगायची गरज पडली नाही म्हणून गोत्राला नाव नाही.

मी 'बाज' सुचवेन. 'वेस्टर्नच्या बाजाचा', 'विज्ञानकथेच्या बाजाचा'. त्यात शिवी नाही. फक्त समास करू नका. 'बाजपट' म्हटलं तर माझी आई विचारेल, खाटेवर पडून बघायचा का?

खडूस_व्याकरणी
'मारधाड' हिंदी आहे.

तंबूवाला
आणि तुमच्या नावातलं 'खडूस' कुठल्या कोशातलं, साहेब?

तिरफळ
भांडू नका हो. 'बाज' आवडला, उमेदवार म्हणून लिहून ठेवते. 'लो-बजेट'चंही सांगा. 'अल्पखर्ची' मला कुटुंबनियोजनाच्या पाटीसारखं वाटतं. 'पदरमोड करून काढलेला' कसं वाटतं?

'एल मारियाची'ला रॉड्रिगेझने साधारण ७,००० डॉलर घातले. त्यातले बरेचसे ऑस्टिनमधल्या एका औषध-चाचणीत स्वतःचं शरीर भाड्याने देऊन मिळवले. तिथे कोंडलेला असतानाच पटकथा लिहिली. मग सीमेपलीकडच्या सिउदाद आकुन्या गावात मुक्काम. गावात फुकट जे मिळेल (बार, बस, कुत्रा, रस्ता ओलांडणारं कासवसुद्धा) ते कथेत. ट्रॉली परवडेना म्हणून उसनी व्हीलचेअर. कॅमेऱ्याबरोबर आवाज धरता येत नव्हता. म्हणून प्रत्येक शॉटनंतर नटांकडून संवाद टेपरेकॉर्डरवर पुन्हा म्हणवून घ्यायचा. ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की चटकन दुसऱ्याच चेहऱ्यावर कट. लोक पुढे त्या वेगवान संकलनाला शैली म्हणाले. मुळात ती लपवाछपवी होती! काढला होता स्पॅनिश व्हिडिओच्या दुकानांसाठी. कोलंबिया पिक्चर्सने उचलला, १९९३ ला सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांचं बक्षीस मिळालं.

कंदील
याला पदरमोड नाही, अंगमोड म्हणतात.

घोंगडी_ह्यूस्टन
तिरफळताई, तुमच्या या सगळ्या वर्णनाला तिकडे एक नेमका शब्द आहे: रास्क्वाचे. मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या शेजारच्या सेन्योराकडून. तिच्या अंगणातली तुळशीसारखी झाडं (तुळस नव्हे, ओरेगानो) कॉफीच्या गंजक्या डब्यांत लावलेली, नळाला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी "छान" म्हटलं तर हसून म्हणाली, "मुय रास्क्वाचे." मेक्सिकोत हा शब्द गावंढळ, भिकारडं या अर्थाने वापरतात. अमेरिकेतल्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या) कलावंतांनी तोच उचलून मिरवला. तोमास इबारा-फ्राउस्तो यांचा १९८९ चा यावरचा निबंध प्रसिद्ध आहे. असेल त्यात भागवायचं, आणि भागवलंय हे झाकायचं नाही. उलट रंग लावून दाखवायचं.

कृपा करून 'जुगाड' म्हणू नका. जुगाडात चलाखी आहे, रास्क्वाचेत ठसका आहे.

तंबूवाला
वाकळ. जुन्या लुगड्यांची शिवलेली. पाहुण्यांसमोर काढायला आई लाजायची, आता शहरातल्या प्रदर्शनात हजारोंना विकतात.

तिरफळ
'वाकळपट'! कुणीतरी मला आवरा.

खुसपट
मूळ प्रश्नाकडे येऊ. 'सायब्रासेरो'तला 'ब्रासेरो' म्हणजे मजूर, बरोबर? मग आपला 'बिगारी' तिकडूनच आला असणार. पोर्तुगीज आले, ब्रासेरो आणला, कोकणात त्याचा बिगारी झाला. पगार, पाव, चावी आले तसाच. उच्चार करून बघा: ब्रासेरो, बिसेरो, बिगेरी.

खडूस_व्याकरणी
उच्चार करून बघितला. 'बिगारी' फारसी 'बेगार'वरून: विनामोबदला राबवून घेणं. पोर्तुगीजांचा संबंध नाही. पगार मात्र खरंच त्यांचा. 'पागार' म्हणजे पैसे देणे, स्पॅनिशातही तसंच.

घोंगडी_ह्यूस्टन
त्यावरून आठवलं. इथे पहिल्या वर्षी बांधकामावरची माणसं आपसात "पागार, पागार" करत होती. मला स्पॅनिश शून्य, पण भांडण कशावरून चाललंय ते लगेच कळलं.

बाकी 'ब्रासेरो'त 'ब्रासो' आहे, म्हणजे बाहू. बाहूवर पोट असलेला. १९४२ ते १९६४ अमेरिका-मेक्सिको सरकारांचा करारच होता, शेतीसाठी आणि सुरुवातीला रेल्वेसाठीही मजूर आणायचे. सुमारे ४६ लाख करारांवर सह्या-अंगठे झाले. सीमेवरच्या केंद्रात माणसांना उघडं करून डीडीटी फवारत. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के 'बचत' म्हणून कापत. ते पैसे कित्येकांना कधीच मिळाले नाहीत.

म्हणून 'सायबर-मजूर' मला फिका वाटतो. त्या सिनेमात नायक मेमोच्या दंडात बिळं पाडून तारा खुपसलेल्या आहेत. शब्दातला बाहू पडद्यावर दिसतो. 'मजूर'मध्ये बाहू कुठाय?

केजकर
मी इथे सहसा लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

आमच्या भागात असा शब्द आहे. कोयता. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा असला तर अर्धा. माझे आई-वडील सतरा हंगाम गेले. दसरा झाला की मुकादम यायचा, पारावर बसायचा आणि विचारायचा, "औंदा किती कोयते?" माणसं किती, असं त्यानं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. आई आजारी पडली त्या साली वडील अर्धा कोयता झाले आणि उचल अंगावर राहिली. फिटायला पुढचे दोन हंगाम गेले.

तिकडे माणसाचा बाहू झाला. इकडे बाहूच्या टोकाचं हत्यार झालं. ताईंनी 'सायबर-कोयता' लिहून बघावं.

कंदील
केजकर, दंडवत. आणि हे बघा: त्याच रॉड्रिगेझचा २०१० चा एक सिनेमा आहे, नायकाचं नावच 'माचेते'. म्हणजे कोयताच की!

खुसपट
शब्द जबरी आहे, पण क्लब पुण्यात आहे. 'सायबर-कोयता' वाचून लोकांना कोयता गँग आठवेल, पोलिसांना फोन जाईल.

खडूस_व्याकरणी
केजकरांचा अनुभव मोठा आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण बोलीतला व्यवसायविशिष्ट शब्द प्रमाण लेखनात आणला तर वाचकाला तळटीप द्यावी लागेल. तळटीप लागते तो अनुवाद फसला.

केजकर
सर, 'प्रकारपट'ला तळटीप नाही लागत का? आमच्या चार तालुक्यांत 'कोयता'ला लागत नाही. प्रमाण कुणाचं, एवढंच विचारतो.

तिरफळ
केजकर, मी हे वापरणार, कंसात एक ओळ टाकून. आता 'कोयोते' पण सोडवा. माणसांना चोरून सीमा पार करवणारा. सिनेमात दंडात तारांची बिळं पाडून देणाऱ्याला 'कोयोटेक' म्हटलंय, कोयोते आणि टेक जोडून. 'दलाल' लिहू की 'मुकादम'?

केजकर
मुकादम नको. मुकादम गावातलाच असतो, लग्नाला येतो, उचल देतो. वाईट असला तरी चोर नसतो. कोयोते पैसे घेऊन रानात सोडून पळतो ना? तो एजंट. दुबईला पाठवतो म्हणून पासपोर्ट घेऊन गायब होणारा.

घोंगडी_ह्यूस्टन
कोयोते हा कोल्ह्याच्या जातीचा प्राणी, शब्द मूळचा नाहुआत्ल भाषेतला. त्याला 'पोयेरो' पण म्हणतात, म्हणजे कोंबडीवाला. पार होणारी माणसं म्हणजे 'पोयो', कोंबड्या. टेम्पोतून नेतात तसंच नेतात, त्यात अलंकार फार नाही.

सीमाभागी
बेळगावहून. तुम्ही सगळे पहिल्या वाक्यातल्या 'स्थलांतरित'वर कसे बोलला नाहीत? रॉड्रिगेझ जन्मला टेक्सासच्या सॅन अँटोनियोत. त्याचा 'एल मारियाची' घडतोही मेक्सिकोतच. गिटारची पेटी घेतलेल्या गायकाला लोक मारेकरी समजतात, एवढी गोष्ट. स्थलांतर कुणाचं झालं?

तिरफळ
अरे देवा. पण तो मेक्सिकन वंशाचा...

सीमाभागी
तेच म्हणतोय. टेक्सास आधी मेक्सिकोत होतं. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने मेक्सिकोचा त्यावरचा दावा मिटला आणि कॅलिफोर्नियासकट केवढा तरी मुलूख अमेरिकेला गेला. तिथली काही घरं जागची हलली नाहीत, सीमा त्यांच्यावरून गेली. चिकानो लोक हे घोषणेसारखं म्हणतात. आमच्या आजोबांनी १९५६ ला घर बदललं नाही, राज्य बदललं. आम्हाला कुणी स्थलांतरित म्हटलं तर आम्ही काय म्हणू ते इथे लिहिता येणार नाही. रिवेराचं वेगळं. त्याचे वडील पेरूहून आले, त्याला 'स्थलांतरिताचा मुलगा' म्हणा.

घोंगडी_ह्यूस्टन
याला जोडून एक टोचणी. आम्ही इथे आलो की वर्तमानपत्रात 'परदेशस्थ मराठीजन' होतो. आमच्या छपरावर कौलं घालणारा होंडुरासचा माणूस त्याच पानावर 'घुसखोर'. त्यांच्यात साधा शब्द आहे, 'सिन पापेलेस', बिनकागदाचा. मराठीतही तो चपखल बसतो. माझा व्हिसा अडकला होता तेव्हा पाच महिने मीही जवळजवळ बिनकागदाचाच होतो. घरी फोनवर मात्र "प्रोसेस चालू आहे" म्हणायचो.

कंदील
'बिनकागदी' फार सुंदर. पूर्वी सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांना आमच्याकडे असंच काहीसं म्हणत.

अवांतर: रिवेराचे वडील पेरूचे, त्यावरून विचारते. आपलं पेरू हे फळ त्या देशावरूनच ना?

खुसपट
नाही. पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नासपती, त्यावरून.

खडूस_व्याकरणी
देशावरूनच. 'पेरा'चं मराठीत 'पेर' झालं असतं, 'ऊ' कुठून आला?

खुसपट
'बिगारी'त तुम्ही जिंकलात, इथे नाही. लिस्बनला बाजारात मी स्वतः विचारलंय.

तंबूवाला
लिस्बनला पेरू मिळतात? किलो कसे?

तिरफळ
शुक्रवारी टिपण झेरॉक्सला जातंय. सध्याचं वाक्य: "सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लॅटिनो माणसांच्या नजरेतून, पदरमोड करून काढलेले, मारधाडीच्या आणि विज्ञानकथेच्या बाजाचे दोन सिनेमे." जॉन्रला शब्द मिळाला नाही तो नाहीच. 'स्लीप डीलर' हे नाव आता कसं फोडू? सिनेमात त्या कारखान्यांनाच तसं म्हणतात, कारण फार वेळ तारा लावून राबलं की माणूस कोसळतो. 'झोपेचे व्यापारी' म्हटलं तर गादीचं दुकान वाटतं.

केजकर
आईला काल रात्री सगळी गोष्ट सांगितली. माणूस इथं बसतो, तारा लावतो, काम तिकडं अमेरिकेत होतं, आणि माणसाला तिकडं यायचं कामच राहत नाही. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. उचल किती देतात, आणि तारा काढल्यावर हात वर होतो का. तिचा उजवा खांद्याच्या वर जात नाही.

झोपेचं तिला विचारून सांगतो.

खुसपट
पोर्तुगीज कोश सापडला. 'पेरा'चं पान फाटलेलं आहे. उद्या वाचनालयात जातो.