तेंडुलकर म्हणजे एकच घराणं? आणि त्या कमानीबद्दल

किनारपट्टी
परवापासून एक पोस्ट फिरतेय. सचिन, विजय, प्रिया, मंगेश, सुरेश आणि दी. गो. तेंडुलकर अशा सहा जणांचे फोटो, वर ‘एकच रक्त, एकच माती’, आणि खाली मागणी की सिंधुदुर्गातल्या तेंडोली गावाच्या वाटेवर या सगळ्यांची कमान उभारावी. त्यात ‘विजय तेंडुलकर हे सचिनचे सख्खे काका’ हेही ठोकून दिलंय. माझं आडनाव तेच आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

सचिनचे वडील रमेश तेंडुलकर, कवी आणि मराठीचे प्राध्यापक. नाटककार विजय तेंडुलकरांचे भाऊ व्यंगचित्रकार मंगेश, मुलगी अभिनेत्री प्रिया. ही दोन वेगळी घरं आहेत. दी. गो. तेंडुलकरांनी गांधीजींचं चरित्र आठ खंडांत लिहिलं. अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकरांच्या समितीने २००९ साली दारिद्र्य मोजायची रीतच बदलली आणि २००४-०५ चा २७.५ टक्क्यांचा आकडा ३७.२ वर गेला. एवढ्या मोठ्या कामांना ‘सचिनच्या आडनावाचे’ म्हणून एका चौकटीत कोंबायचं?

‘कर’ गाव सांगतो, नातं नाही. परुळ्याचे परुळेकर, वेंगुर्ल्याचे वेंगुर्लेकर. मास्टर दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं. एकाच गावचं नाव चार वाड्यांतल्या चार जातींची माणसं लावतात, ती काय सगळी भाऊबंद झाली?

आता माझं सांगतो. १९९८ ला शारजात सचिनची ती दोन शतकं झाली, तेव्हा मी सातवीत जाणार होतो. दिवाळीनंतर शाळांचे सामने लागले. पीटीच्या सरांनी मला सलामीला पाठवलं, कारण काय, तर “तेंडुलकर ना तू? जा.” मला बॅट धड धरता येत नव्हती. मी चित्रं काढायचो. दुसऱ्या बॉलला मधली दांडी उडाली आणि समोरच्या शाळेची पोरं “सचिन, सचिन” ओरडत राहिली. पॅड सोडताना बकल निघेना, बोटं थरथरत होती. चित्रं काढणारेही एक तेंडुलकर आहेत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आबा मास्तर
म्हणजे त्या वयात मंगेश तेंडुलकरांचा फोटो तुझ्या डोळ्यांसमोर असता तर तुला आधार वाटला असता. मग कमानीला विरोध कसला? तुझीच गोष्ट तुझ्या विरोधात जाते. सख्खे काका वगैरे चूक आहे, मान्य. ती दुरुस्त करा आणि कमान बांधा. घाटावर दर मैलाला कुणाचा ना कुणाचा पुतळा असतो. आम्ही कोकणातल्यांनी नाव घेतलं की लगेच तुम्हाला वंशावळ आठवते.

हिशेबनीस
सुरेश तेंडुलकर म्हणजे ते शहरात ३२ रुपयांत दिवस काढा म्हणणारे ना? त्यांचा फोटो लावून अभिमान कसला बाळगायचा?

किनारपट्टी
ते शहरातले ३२ आणि खेड्यातले २६ रुपये नियोजन आयोगाच्या प्रतिज्ञापत्रातले, सप्टेंबर २०११ चे. सुरेश तेंडुलकर त्याच्या आधी, जूनमध्ये वारले होते. त्यांच्या पद्धतीने गरिबांचा आकडा वाढला, कमी झाला नाही. रेषा खालीच होती म्हणा, त्यावर वाद घाला, पण माणूस मेल्यावर दाखल झालेला कागद त्याच्या गळ्यात बांधू नका.

हिशेबनीस
पद्धत त्यांचीच होती. तारखेचं मात्र बरोबर आहे तुमचं.

वाडीतलो
फोटोचा ऱ्हवांदे. माका सांगा, गावात रवता कोण? सचिन खासदार होतो तेव्हा दत्तक घेतल्यान तो गाव आंध्रातलो, पुट्टमराजू कंद्रिगा. मगे उस्मानाबादेतला दोंजा. सिंधुदुर्गात गाव नाय होते? कमान बांधशात, पण तिच्याखालसून जातलो कोण? माझ्या वाडीत अकरा घरा, सातांक कुलूप.

उस्मानाबादची लेक
दोंजात पाण्याचे हाल काय असतात ते पाहिलंय का? राज्यसभेवरच्या नियुक्त खासदाराला देशातलं कुठलंही गाव घेता येतं. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या वाट्याला एक गोष्ट आली तर तीही डोळ्यांत खुपते?

आबा मास्तर
आणि पन्नासावा वाढदिवस सचिनने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच केला. मालदीववरून गदारोळ झाला तेव्हा तिथलाच व्हिडिओ टाकला त्याने. हेही विसरू नका.

वाडीतलो
वाढदिवसाक इलो, बरा झाला. पाहुणो म्हणान इलो. पावसाचा म्हणशात तर, बाय, पडता तितक्या सगळा समुद्राक जाता. मेच्या अखेरीक आमच्याय बावडेचो तळ दिसता. पण तुमचे हाल जास्त, ता खरा.

चाकरमानी
कुलूप कुलूप काय लावलंय? आम्हाला काय हौस आहे मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहायची? आजोबांच्या घराचं छप्पर गळतंय, दुरुस्तीला कर्ज काढायला गेलो तर सातबारावर एकोणचाळीस नावं. त्यातली चौदा माणसं वारलेली, वारस नोंद नाही. एक चुलता बडोद्याला, तो फोन उचलत नाही. तीन गणपती मी रजेचे चार-चार दिवस तलाठ्याच्या बाकावर काढले. गावात राहणाऱ्यांनी तेवढ्यात काजूची कलमं लावून बांध सरकवला.

वाडीतलो
बांध कोणी सरकवलो, नाव घी! झाडा आमी लावली, पाणी आमी घातला, आगीपासून आमी राखली. तुमी वर्षान येतास आणि आंबे मोजतास.

माहेरवाशीण
दोघेही आपापल्या वाटणीवर भांडताय. त्या एकोणचाळीस नावांत बहिणी किती, ते सांगा. मी लग्नाआधीची तेंडुलकर. २००५ च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी वडिलांच्या बाराव्याला भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. “तू आता आमच्या आडनावाची कुठे?” हे त्याचे शब्द. माझ्या हातात तेव्हा वाढायची पळी होती, ती खाली ठेवून मी सही केली. अजून पस्तावतेय. प्रिया तेंडुलकर घरोघरी पोचली, लग्न झालं, तरी शेवटपर्यंत तेंडुलकरच राहिली. त्या पोस्टमधल्या सहा जणांत बाई एकटी तीच. माझं मत विचाराल तर कमान तिच्या एकटीची बांधा.

चाकरमानी
आमच्या उताऱ्यावर दोन आत्या आहेत. दोघींचीही सही आम्ही अजून मागितलेली नाही. मागणार होतो, हे लपवत नाही.

माहेरवाशीण
मागू नका.

आबा मास्तर
विषय कुठल्या कुठे गेला. मूळ मुद्दा कमानीचा होता.

किनारपट्टी
मास्तर, फोटोंचं तुमचं म्हणणं अर्धं पटलं. शाळेच्या भिंतीवर लावा, प्रत्येकाखाली त्याचं काम लिहा, ‘एकच रक्त’ पुसून टाका. वर्गणी देईन. कमानीला नाही देणार.

वाडीतलो, आमच्याही घराला कुलूप आहे आणि उताऱ्यावर अजून आजोबाच आहेत. किल्ली शेजारच्या काकींकडे, तीही गंजलीय म्हणाल्या. आत्याला घेऊन मे महिन्यात येतो. तलाठी कुठल्या वारी भेटतात, तेवढं कळव.

वाडीतलो
बुधवारी. सकाळी धाच्या आत ये आणि मृत्यूचे दाखले मूळ प्रतीत हाड, झेरॉक्स चलणा नाय. किल्लेक मी खोबरेल लावन ठेवतंय.