साका तळाशी बसलाच नाही तर?

प्रश्न : एक रसायनशास्त्रीय मजकूर मराठीत लिहितोय. सोडियम सिलिकेटचं पाण्यातलं द्रावण तेलात घुसळून त्याचे बारीक थेंब करायचे, मग आम्ल घालून प्रत्येक थेंबात सिलिका घट्ट होऊ द्यायची, अशी कृती. ‘प्रेसिपिटेशन’ला, म्हणजे द्रावणातून घन पदार्थ वेगळा होण्याला, मी ‘साका बसणे’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘अवक्षेपण’ केलं. साक्याचं काय चुकलं?

उत्तर : शब्द चांगलाच आहे, विश्वकोशातही भेटतो. पण साका म्हटलं की तळ डोळ्यांपुढे येतो. इथे तळाचा संबंधच नाही. सिलिका थेंबाच्या पोटातच घट्ट होते. पृष्ठताणामुळे थेंब गोल, म्हणून कणही गोल. सरळ भांड्यात आम्ल ओतलं असतं तर वेडेवाकडे पुंजके मिळाले असते.

आणखी एक जण : मग अवक्षेपण तरी कुठे बसतं? अव + क्षिप्, म्हणजे खाली फेकणे! लॅटिन मूळ शब्दातही कोसळणंच आहे.

उत्तर : खरंय. पण अवक्षेपण घरात कोणी बोलत नाही, त्यामुळे त्यातलं ‘खाली’ कुणाला ऐकूच येत नाही. साका अजून बोलण्यात आहे, तिथे ते ऐकू येतं.

प्रश्नकर्ता : पटलं. ‘इमल्शन’ला, म्हणजे एका द्रवात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवाचे थेंब विखुरलेले असतात त्याला, ‘मिश्रण’ चालेल?

उत्तर : अजिबात नको, मिश्रण काहीही असू शकतं. ‘पायस’ लिहा. पयस् म्हणजे दूध, आणि दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे थेंब. गंमत म्हणजे इमल्शनच्या लॅटिन धातूचा अर्थही दूध काढणे! तुमच्याकडे मात्र उलटं आहे, तेलात पाणी. कोण कोणात ते स्पष्ट लिहा. थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून घालतात तो ‘पायसकारक’.

आणखी एक जण : ‘वर्तुळाकार कण’ही खोडा. त्या चकत्या झाल्या. ‘गोलाकार’ हवं. आणि ‘फाइन’चं ‘उत्तम’ केलं नाहीत ना? मी पाहिलंय तसं! ‘सूक्ष्म’ लिहा. शिवाय गोल कण फक्त पायसातूनच मिळतात असं सुचवू नका. 1968 ची स्टोबर पद्धत अल्कोहोल आणि अमोनियावर चालते, त्यात पायस नाही.

प्रश्नकर्ता : शीर्षक बदललं : ‘पायसातील अवक्षेपणाने सूक्ष्म गोलाकार सिलिकाकण’. शेवटी पायस मोडून कण धुतात, तेव्हा ते तळाशी बसतात. तिथे तरी साका म्हणू?

उत्तर : तिथे बिनधास्त म्हणा.