अनुभव धागा: शेवटच्या इंजिनांचे फोटो

माळ्यावरची निगेटिव्ह्ज उतरवली आणि अख्खा रविवार त्यात गेला. बहुतेक सगळे भोर घाटातले बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी इंजिनं. नव्या मंडळींसाठी सांगतो: घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यामुळे कर्जतला गाडी थांबली की मागून डब्ल्यूसीजी-२ ही विजेची इंजिनं येऊन लागायची. डब्याला धक्का, चहा मांडीवर! २०१० मध्ये कल्याण-पुणे मार्ग १५०० व्होल्ट डीसी विजेवरून एसीवर गेला आणि फक्त डीसीवर चालणाऱ्या या इंजिनांचं काम संपलं. त्याआधीचं वर्षभर मी दर सुट्टीला खंडाळ्यात तळ ठोकून होतो. ते सगळे फोटो एकसारखे, पासपोर्टला काढल्यासारखे. चांगला एकच, १९९८चा. कर्जतला वडापाव घ्यायला उतरलो होतो. बँकरच्या खिडकीत असिस्टंट ड्रायव्हर जेवणाचा डबा उघडून बसलेला, तोंडात घास, नजर सिग्नलवर.

तुमचं काय? मुद्दाम काढलेला शेवटचा फोटो जमला, की सहज काढलेला? वाफ, वीज, काहीही चालेल. फोटो नसेल तर नुसती आठवण लिहा.

वऱ्हाडी_ठेचा: आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी. मँचेस्टरहून आलेलं १९२१चं इंजिन सत्तर वर्षं राबलं आणि १५ एप्रिल १९९४ला डिझेल आलं. त्या आठवड्यात मी उसना कॅमेरा आणि दोन रोल घेऊन गेलो. धुवून आले तर वाफच नाही! विझलेलं इंजिन उभं केल्यासारखं दिसतं. वाफ पांढरी दिसायला हवेत गारठा लागतो, आमच्या एप्रिलात ती चिमणीबाहेर पडताच विरते. हे आधी कोणी सांगितलं असतं तर! भावाने साध्या क्लिक-थ्री कॅमेऱ्यावर पौषात काढलेला एक फोटो आहे. फोकस नाही, कोन नाही, पण वाफ अशी की इंजिन शोधावं लागतं.

यार्डवाला: खेकडा कोणी नाही काढला? १९२८पासूनचं ते विजेचं इंजिन, डब्ल्यूसीजी-१, टोपणनाव खेकडा; म्हातारपणी मुंबईच्या यार्डात डबे ढकलायची. उभी असली तरी कण्हायची. मी बारा फोटो काढले होते. ‘परमिशन आहे का?’ म्हणत एका शिपाईदादांनी रोल काढला, उन्हात लांब ओढला आणि नीट गुंडाळून परत दिला. कण्हणं अजून कानात आहे. दिल्लीच्या रेल्वे म्युझियममधला खेकडा बघितला, पण तो गप्प.

कुर्डुवाडीकर: बार्शी लाइट, आमच्याकडून पंढरपूरला जाणारी वाफेची छोटी गाडी. फोटो शून्य, घरात कॅमेराच नव्हता. खिडकीतून डोकं काढायचं, डोळ्यात कोळशाचं किटाळ जायचं, आजी पदराच्या टोकाने काढायची आणि वर धपाटा. पंढरपूर येईपर्यंत आजोबांचा पांढरा सदरा करडा झालेला असायचा.

धागाकर्ता: ठेचा, तो पौषातला फोटो टाकाच इथे.

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ देत नाही. म्हणतो, तुझे दोन रोल आहेत ना!