काय वाचावं हे जुन्या पुस्तकवाल्याला विचारावं का?

गोदाकाठी

वाचायच्या पुस्तकांच्या याद्यांचा सध्या सुळसुळाट झालाय. शंभर पुस्तकांची यादी टाकणाऱ्याने त्यातली दहा तरी वाचली असतील का, अशी शंका येते. माझं मत सरळ आहे : काय वाचावं हे जुनी पुस्तकं विकणाऱ्याला विचारा.

नवीन पुस्तकांचा दुकानदार पुस्तक जाताना बघतो. जुनी विकणारा ते परत येताना बघतो. नाशिकला शालिमारकडे जुनी पुस्तकं विकणाऱ्या ज्या काकांकडे मी जातो, त्यांनी एकदा दोन पुस्तकं आडवी धरून त्यांच्या कडा दाखवल्या. एक होतं यशस्वी कसं व्हावं छापाचं. सुरुवातीची थोडी पानं हात लागून मळकी आणि पुढचं सगळं कोरं करकरीत. दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. कड पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी मळलेली, शिवण ढिली, आतल्या पानावर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नावं. "हे वाचलंय लोकांनी," एवढंच म्हणाले.

त्यांनी सांगितलेली आणि मी वाचलेली आणखी तीन :

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्याने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर या बाईचं काय झालं, हे तिने स्वतःच्या बोलीत, कुणाचीही भीड न ठेवता लिहिलंय. काकांनी बजावलं होतं की याच्या संक्षिप्त आवृत्त्याही बाजारात आहेत, तेव्हा 'संपूर्ण' बघून घ्या.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', 1939 चं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनी सोडून पळालेले ज्यू. पुस्तक छोटं आहे, पण वाचून झाल्यावर मी काही दिवस दुसरं काही हातात घेऊ शकलो नाही.

आणि दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र'. याबद्दलचा सल्ला मला फार आवडला : सलग वाचू नका, चैत्रावरचा लेख चैत्रात, आषाढावरचा आषाढात.

कुठल्या यादीत असं कुणी सांगतं?

जेलरोडकर

सल्ला चांगला आहे, पण तुम्ही एक गोष्ट सोडून देताय. काका दुकानदार आहेत. जे समोर मांडलंय तेच ते सांगणार, नसलेलं पुस्तक सांगून पोट भरत नाही.

दुसरं असं की, लोक आवडलेलं पुस्तक सहसा विकत नाहीत. काकांकडे येतात ती नको झालेली, नाहीतर घरातलं माणूस गेल्यावर किंवा वाडा पाडताना निघालेली. पंचवटीत आमच्या नात्यातला वाडा पाडला तेव्हा पोतीच्या पोती किलोवर गेली, कुणी उघडूनही बघितली नाहीत. त्यातून जे वर आलं त्यावरून उत्तम काय हे कसं ठरवणार?

गोदाकाठी

अहो, वाडे रिकामे होतात तेव्हाच तर आयुष्यभर जपलेली पुस्तकं बाहेर पडतात! जिवंतपणी कुणी विकत नाही ती हीच. नको झालेलं आणि जपलेलं, दोन्ही काकांच्या हाताखालून जातं. तो फरक ओळखणं हीच त्यांची विद्या.

विहितगावची

वाड्यातल्या कपाटांवर जी यादी बनते, तिच्यात वाड्यातलीच पुस्तकं येणार. वर दिलेली चारही पुस्तकं मोठी आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण चौघांपैकी दलित लेखक एकही नाही, आणि हे नाशिकमध्ये! ज्या गावात 1930 साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तिथे.

बाबुराव बागूल आमच्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह 1963 चा. आमच्या घरी त्याची एकच प्रत होती. ती वस्तीत फिरायची. कव्हर गेलं, मग पहिली पानं गेली, तरी फिरत राहिली. अशी प्रत शालिमारला कधी येणार? ती वाचून वाचून संपते. तुमच्या 'मळलेली कड' या कसोटीत सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तकच बसत नाही, कारण ते विकायच्या अवस्थेत उरतच नाही.

जुनी_नोंदवही

मी ग्रंथालयात नोकरी केली आहे, म्हणून लिहिते. पुस्तक परत येताना बघायचंच असेल तर ग्रंथपालाला विचारा. आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, 1840 पासून आहे. विक्रेता एक प्रत एकदा परत आलेली बघतो, आम्ही तीच प्रत पुन्हा पुन्हा बघतो. कुठलं पुस्तक दोन दिवसांत परत आलं, कुणी मुदत वाढवून घेतली, कुठल्या पुस्तकासाठी लोक नाव लावून थांबले. विहितगावच्या ताई म्हणतात तशी फाटलेली प्रत आम्ही बांधून घेतो, नाहीतर नवी मागवतो. आणि आमचं पोट त्या पुस्तकाच्या विक्रीवर नाही.

जेलरोडकर

हा मुद्दा मला पटला.

कॉलेजरोड_९

लेखकाचं काय? जुनं पुस्तक घेतलं की त्याला एक रुपया मिळत नाही. आजचे लिहिणारे असेच थकतात.

गोदाकाठी

हयात लेखकाचं पुस्तक बाजारात असेल तर नवंच घ्यावं, मीही तेच करतो. पण लक्ष्मीबाई 1936 साली गेल्या, त्यांच्या पुस्तकावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. आणि जे पुन्हा छापलंच जात नाही ते दुसरीकडे कुठे मिळणार?

ग्रंथालयाबद्दल : नोंदवही सगळं जाणते हे मान्य. पण आज किती ठिकाणी काउंटरवरचं माणूस मान वर करून "हे नेऊ नका, ते न्या" असं म्हणतं? काका म्हणतात. माझ्या हातातलं पुस्तक काढून घेऊन दुसरं दिलंय त्यांनी, स्वस्तातलं.

जेलरोडकर

मग एक करा. तुमच्याकडे नाही असं एक पुस्तक सांगा, असं त्यांना विचारा. माल खपवायचा नसतानाही ते काय सांगतात बघू.

गोदाकाठी

आज विचारलं. क्षणभरही थांबले नाहीत. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. म्हणाले, माझ्याकडे आलं की टिकत नाही, नवीन विकत घ्या. 1945 च्या वारली उठावाचं पुस्तक. तलासरी-डहाणूकडच्या वेठबिगारीत राबणाऱ्या माणसांनी सावकार-जमीनदारांपुढे मान कशी ताठ केली, ते त्या लढ्यात उतरलेल्या बाईंनी स्वतः लिहिलंय. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला.

जेलरोडकर

हे मला अपेक्षित नव्हतं. पुस्तक घेतो.

विहितगावची

मीही वाचलंय, जीव तोडून लिहिलेलं पुस्तक आहे. पण गोदावरीबाई वारली नव्हत्या. माझा प्रश्न आहे तिथेच आहे : ज्यांनी भोगलं त्यांनी स्वतः लिहिलेलं काका कधी सांगतात का? बागूल, दया पवारांचं 'बलुतं', ही नावं त्यांच्या तोंडी येतात का? पुढच्या वेळी हे विचारा आणि जे म्हणतील ते जसंच्या तसं इथे लिहा.